ड्रायसूटच्या आत काय घालावे: स्कापा फ्लोच्या सहा दिवसांनंतरचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर, स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात, मी सहा दिवस बोटीवर राहून बारा डाइव्ह केल्या. पाणी आठ-नऊ अंश सेल्सियस होते. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा डायव्हिंगचा पोशाख, माझा स्वतःचा होता आणि तो दोन वर्षे नीट चालत आलेला असल्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. हे परीक्षण त्याच्या आत घालायच्या कपड्यांचे, म्हणजे अंडरसूटचे, आहे. हे कपडे अंगावर चढवून पाहता येतील असे दुकान मला ठाण्यात सापडले नाही, वाशी-बेलापूरकडेही नाही. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक जण मापाच्या तक्त्यावर विश्वास ठेवून ते परदेशातून मागवतात किंवा तिथे पोहोचल्यावर भाड्याने जे मिळेल ते घालतात, आणि निवड चुकली हे कळते ते पाण्यात उतरल्यावर. माझे दोन्ही प्रकारे चुकून झाले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. मॉडेल बदलत राहतात आणि एकाच कंपनीचा एक कपडा उत्तम तर दुसरा सामान्य निघतो. कापडाचा प्रकार, त्याचे वजन आणि कपड्याची बेतणी या गोष्टी मात्र बदलत नाहीत, आणि निवड त्यांवरच करावी लागते.

मालवण-तारकर्लीला वेटसूटमध्ये डायव्हिंग केलेल्यांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. वेटसूटमध्ये पाणी आत शिरते आणि अंगाच्या उष्णतेने कोमट होते. ड्रायसूटमध्ये मान आणि मनगटांवरच्या सीलमुळे, म्हणजे घट्ट बसणाऱ्या रबरी कडांमुळे, पाणी आत येतच नाही. परंतु माझ्यासारखा पातळ, थरांच्या कापडाचा ड्रायसूट स्वतः जवळजवळ काहीही ऊब देत नाही. ऊब देते ती आतल्या कपड्याच्या धाग्यांत अडकून राहिलेली हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे त्या धाग्यांत हवेच्या जागी पाणी शिरले की महागातला महाग अंडरसूटही निकामी होतो. शिवाय ते पाणी समुद्राचेच असावे लागते असे नाही. पाठीवर सिलिंडर आणि कमरेला पाण्यात खाली जाण्यासाठीचे शिसे बांधून डेकवर दहा मिनिटे उभे राहिले तरी घाम येतो, आणि पाण्यात उतरल्यावर ती वाफ सूटच्या थंड पडलेल्या आतल्या बाजूवर दवासारखी जमते. सील अगदी कोरडे राहिले, तरी डाइव्हनंतर अंडरसूटची बाहेरची बाजू हाताला दमट लागते ती यामुळे.

एका दिवसाच्या सहलीत हा दमटपणा खपून जातो. सहा दिवस, रोज दोन डाइव्ह, आणि एका छोट्या बोटीवर बारा जणांचे ओले सामान अशी परिस्थिती असेल, तर अंडरसूट किती उबदार आहे याच्याइतकाच, किंबहुना त्याच्या आधी, तो रात्रीतून वाळतो का हा प्रश्न विचारावा लागतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत याचे उत्तर मला कुठेच मिळाले नाही.

माझ्याकडे तीन प्रकार होते. पहिला म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध, रजईसारखा अंडरसूट. त्यात चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाच्या थिन्सुलेटचा, म्हणजे बारीक कृत्रिम तंतूंचा, भरावा आहे. दुसरा दोन भागांचा, म्हणजे वेगळा टॉप आणि वेगळी पँट असलेला, आतून लव असलेल्या आणि बाहेरून गुळगुळीत असलेल्या पॉलिस्टर फ्लीसचा. तिसरा थर सर्वांत आत घालण्याच्या मेरिनो लोकरीच्या कपड्यांचा. त्याचे मी दोन जोड नेले होते. याशिवाय थिन्सुलेटचे एक बिनबाह्यांचे जाकीट जवळ होते, जे मी जवळजवळ घरीच ठेवून जाणार होते.

एकसंध अंडरसूट मी सर्वांत आधी घेतला होता. लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह या जुन्या दगडखाणीच्या तलावात ड्रायसूटचे प्रशिक्षण घेताना तो मी पहिल्यांदा घातला आणि त्याच्या उबेवर बेहद्द खूश झाले. दिवसाला दोन डाइव्ह केल्या, संध्याकाळी भावाच्या घरी हीटर लावलेल्या खोलीत तो टांगला, आणि पुढची डाइव्ह थेट आठवड्याने होती. एवढ्या अनुभवावर मी तो बहुदिवसीय सहलीसाठीही पुरेसा आहे असे धरून चालले होते.

तो समज मोडला ठाण्यातल्या जुलै महिन्याने. पाचपाखाडीतल्या आमच्या घरी जुलैत जीन्स तीन दिवस वाळत नाही. दोरी घरात येते, पंखा दिवसरात्र चालू राहतो आणि तरीही शाळेच्या गणवेशावर सकाळी इस्त्री फिरवावी लागते. अशा हवेत जे वाळेल ते बोटीवरही वाळेल, असा विचार करून मी तिन्ही कपडे एकाच संध्याकाळी भिजवले, मशिनमध्ये फक्त पिळण्यापुरते फिरवले आणि हॉलमध्ये पंख्याखाली टांगले. प्रवासी बॅगा मोजायचा जो हुकाचा काटा असतो, त्यावर प्रत्येकाचे कोरडे वजन आधी लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फ्लीसचा टॉप आपल्या कोरड्या वजनावर परत आला होता आणि पँटच्या फक्त कमरेच्या पट्टीत ओल होती. मेरिनो दुपारपर्यंत दमट राहिले. एकसंध अंडरसूट तिसऱ्या दिवशी सकाळीही जड भरत होता. वरून हात फिरवला तर कोरडा, पण काखेत आणि मांड्यांमध्ये, जिथे शिवणीचे थर एकमेकांवर येतात, तिथे चिमटीत धरल्यावर गारवा लागत होता. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दोन भागांचा संच घेण्याचा निर्णय मी त्या सकाळीच घेतला.

तरीही स्कापा फ्लोला जाताना मी दोन्ही नेले, कारण ४०० ग्रॅमच्या उबेचा मोह सुटत नव्हता. पहिले दोन दिवस एकसंध अंडरसूटच घातला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डाइव्हला टॉर्च घट्ट धरल्यामुळे उजव्या मनगटाच्या कंडरा (स्नायूंचे दोर) वर आल्या, लॅटेक्सच्या सीलखाली बारीक खाच तयार झाली आणि तिथून पाणी आत येऊ लागले. हे फार होते. ड्रायसूट वापरणाऱ्या प्रत्येकाचे एकदा तरी होते. पाणी कोपरापर्यंत आले आणि तिथेच थांबले. भिजला तो एक हात, पण वाळवायला टांगावा लागला अख्खा अंडरसूट. बोटीच्या वाळवणीच्या खोलीत माणशी एकच खुंटी होती आणि त्या खुंटीवर एवढे जाड धूड टांगले की शेजारच्याचेही काही वाळत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी बाही मनगटाशी ओलीच होती. मी फ्लीसचा संच घातला आणि उरलेल्या सहाही डाइव्ह त्यातच केल्या. त्यातही एकदा बाही भिजली, पण टॉप तेवढा उतरवून टांगला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरडा होता.

आता उबेचा प्रश्न. इथे फ्लीसची बाजू लंगडी पडते, आणि का ते कळण्यासाठी तिथली जहाजे किती खोल आहेत ते आधी सांगावे लागते. २१ जून १९१९ रोजी रिअर अॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर याच्या आदेशावरून जर्मन नौदलाने स्कापा फ्लोमध्ये नजरकैदेत असलेला आपलाच ताफा बुडवला. ७४ जहाजांपैकी ५२ तळाला गेली. पुढे बरीचशी भंगारासाठी वर काढली गेली, आणि आज डायव्हर जातात ते मुख्यतः उरलेल्या तीन युद्धनौका आणि चार हलक्या क्रूझर पाहण्यासाठी. या साऱ्या २५ ते ४५ मीटर खोलीत आहेत. कॉल्न या क्रूझरभोवती पोहत असताना अंग हलत असते, त्यामुळे थंडी जाणवत नाही. ती जाणवते ती वर येताना, दोर धरून ठराविक खोलीवर उभ्याने थांबावे लागते तेव्हा. उभ्या स्थितीत सूटमधली हवा खांद्यांकडे जाते, पायांभोवती पाण्याचा दाब अधिक असल्यामुळे सूट पोटऱ्यांवर चिकटतो आणि फ्लीसची लव दबून जाते. थिन्सुलेटचे बारीक तंतू या दाबाला बरेच तग धरतात, फ्लीस तितका धरत नाही. चौथ्या दिवशी त्या थांब्यावर माझ्या पोटऱ्या अक्षरशः गार पडल्या होत्या.

यावर दोन उपाय लागू पडले. पँटच्या आत मेरिनोचे दोन्ही पायजमे एकावर एक घातले, आणि धडावर ते बिनबाह्यांचे थिन्सुलेट जाकीट चढवले. धड उबदार राहिले की हातापायांकडे रक्त जात राहते, हे वाचून माहीत होते; अनुभव त्या जाकिटाने दिला. हात मोकळे राहिल्यामुळे पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाठणेही सोपे गेले, जे जाड बाह्यांच्या अंडरसूटमध्ये मला कष्टानेच जमत होते. आता मला विचारले, तर सहा-सात दिवसांच्या सहलीसाठी मी फ्लीसचा दोन भागांचा संच, असे जाकीट आणि मेरिनोचे दोनऐवजी तीन जोड नेईन. एकसंध ४०० ग्रॅमचा अंडरसूट मी विकणार नाही. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेतले पाणी वर्षभर दोन ते चार अंश असते, आणि तिथे एखाद्या दिवसासाठी गेले तर मी तोच घालीन. एक मात्र ध्यानात ठेवावे की जाड कपड्यात हवा अधिक राहते आणि त्याबरोबर शिसेही अधिक लागते. मला दोन किलोचा फरक पडला, आणि बोटीची शिडी चढताना तो गुडघ्यांना कळला.

दोन भागांच्या संचाचा आणखी एक फायदा स्त्रियांनी तरी जरूर लक्षात घ्यावा. दोन डाइव्हमध्ये काही तासांचा अवकाश असतो आणि गरम चहा सतत चालू असतो. एकसंध अंडरसूट घातलेला असेल, तर शौचालयात जाण्यासाठी खांद्यापासून सगळे उतरवावे लागते, तेही हलणाऱ्या बोटीच्या तीन फुटी खोलीत, आणि बाह्या ओल्या फरशीला लागतात. हा त्रास टाळण्यासाठी पाणीच न पिण्याची सवय अनेकींना लागते, आणि डायव्हिंगमध्ये शरीरातले पाणी कमी होणे हे डीकम्प्रेशनच्या आजाराच्या (खोलीवरून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याच्या) दृष्टीने धोक्याचे मानले जाते. संच दोन भागांचा असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

मेरिनोविषयी माझे मत सहलीत बदलत गेले. ठाण्यातल्या चाचणीत ते सावकाश वाळले होते, म्हणून मी त्याला कमी गुण दिले होते. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि चार दिवस वापरूनही तिला वास येत नाही. पॉलिस्टरचा आतला थर मी मागे एकदा वापरला होता. तो झटपट वाळायचा, पण तिसऱ्या दिवशी त्याच्या वासाने केबिनमधल्या मैत्रिणीपुढे मला संकोच वाटू लागला होता. त्यामुळे आतला थर लोकरीचा आणि त्यावरचा पॉलिस्टरचा, ही विभागणी मला आता योग्य वाटते. सुती कपडा मात्र कुठल्याच थरात नको. घरातला जुना टी-शर्ट आत चालेल असे म्हणणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये.

रोजचा क्रम मी असा बसवून घेतला होता. पाण्यातून आल्यावर सूट अंगावर असतानाच तो बाहेरून गोड्या पाण्याने धुवायचा, मग उतरवायचा आणि लगेच अंडरसूट उलटा करून टांगायचा. मनगट आणि मानेजवळचा कपडा खाऱ्या पाण्याला लागला असेल, तर तेवढाच भाग गोड्या पाण्यात बुचकळून टॉवेलमध्ये दाबून घ्यायचा. हे कशासाठी, ते आपल्या घरांत निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तसेच कपड्यात राहिलेले मीठ हवेतली ओल ओढत राहते आणि बाही कितीही टांगली तरी दमटच राहते. बोटीवरच्या कित्येक अनुभवी माणसांना आपला कपडा वाळत का नाही हे कळत नव्हते, आणि कारण एवढेच होते.

हातमोज्यांचे अस्तर आणि पायमोजे यांचे मात्र तीन-तीन जोड हवेत. ते स्वस्त आहेत, जागा खात नाहीत आणि ओल्या मोज्यांनी सगळी मेहनत पाण्यात जाते. जांभळी नाक्यावरून घेतलेल्या नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या आणि प्लास्टिकचे चिमटे मला तिथल्या डायव्हिंगच्या दुकानातल्या महागड्या टांगणीपेक्षा अधिक उपयोगी पडले, कारण एका खुंटीवरून पिशवी खाली सोडून सहा मोजे एका वेळी हवेवर ठेवता येत होते.

सीलबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांसाठी आवर्जून सांगते. लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर, आणि तेल त्याचा शत्रू. डोक्याला खोबरेल तेल लावून, वेणी घालून मानेच्या सीलमधून डोके घातले, तर प्रत्येक वेळी थोडे तेल सीलवर राहते आणि काही काळाने रबर चिकट, ढिले होऊ लागते. माझे पहिले मानेचे सील असेच गेले, आणि कारण कळेपर्यंत मी त्याच्या दर्जाला दोष देत होते. सहलीच्या आधीच्या आठवड्यात मी आता तेल लावत नाही, आणि सूट घालताना केसांवर पातळ टोपी चढवते. सीलला लावायची टाल्क बिनवासाची असावी. आपली नेहमीची सुगंधी पावडर वापरू नये. पितळी झिप असेल, तर दात बंद असताना बाहेरून मेण फिरवावे. साधी पांढरी मेणबत्तीही चालते. प्लास्टिकच्या झिपला मेण लागत नाही, तिला फक्त शेवटच्या टोकाशी तिचे स्वतःचे वंगण लागते.

प्रवासाच्या बॅगेत एकसंध अंडरसूट अर्धी जागा घेतो, आणि २३ किलोच्या मर्यादेत ती जागा महाग पडते. हवा काढून टाकणाऱ्या पिशवीत तो दाबून नेता येतो, परंतु घरी आल्यावर त्याच पिशवीत ठेवू नये; महिनोन्महिने दबून राहिलेल्या भराव्याची फुगवट कमी होते. फ्लीसचा संच, मेरिनोचा एक जोड आणि मास्क मी हातातल्या बॅगेत ठेवते. ड्रायसूट भाड्याने मिळू शकतो, पण आपल्या मापाचा अंडरसूट मिळेलच असे नाही. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानेच केबिनमध्ये न्याव्या लागतात.

मी परतले तेव्हा ठाण्यात पावसाने नुकतीच हजेरी लावली होती, आणि सामान सांभाळण्याचा सर्वांत कठीण भाग तिथून पुढे होता. आधीच्या वर्षी मी मेरिनोचे कपडे एका लाँड्रीत दिले होते. त्यांनी प्रेमाने सुगंधी सॉफ्टनर वापरला आणि कपडा घाम शोषेनासा झाला, कारण सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो. पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा उभा राहत होता. तो थर जायला चार धुण्या लागल्या. आता मी सगळे घरीच, थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने धुते. थिन्सुलेट पिळत नाही. ओला असताना तो खांद्यांवर टांगला तर स्वतःच्या वजनाने ताणला जातो, म्हणून दोन खुर्च्यांवर जुनी चटई आडवी टाकून त्यावर पसरते.

एकसंध अंडरसूटच्या मनगटाची इलॅस्टिक सैल झाली होती आणि टांगण्यासाठी त्याला काहीच नव्हते. नौपाड्यात एक वयस्क शिंपी आहेत, आमच्या घरचे पडदे आणि ब्लाउज त्यांच्याकडेच जातात. त्यांनी अंडरसूट हातात घेऊन उलटा केला, बोटांनी भरावा चाचपला आणि म्हणाले, "ताई, हे रजईसारखं आहे. जाड सुई लावली तर आतलं सगळं दोऱ्याबरोबर वर येईल. दोन दिवस द्या, बारीक सुईनं करतो."

"काका, शिवण आतल्या बाजूला टोचायला नको," मी म्हटले.

"टोचणार नाही. आतून सुती पट्टी लावू का?"

सुती नको, असे मी सांगितल्यावर त्यांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि नायलॉनची पातळ पट्टी लावून दिली. मानेमागे, दोन्ही खांद्यांवर आणि घोट्यांशी अशा पाच कड्याही शिवल्या, म्हणजे तो आता उलटाही टांगता येतो आणि हवा पायातून आत शिरते. परदेशी बनावटीच्या या महाग कपड्यात जी उणीव होती, ती त्यांनी दोनशे रुपयांत भरून काढली, आणि कंपन्यांनी अशा कड्या मुळातच द्यायला हव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या सगळे सामान कपाटाच्या वरच्या खणात, झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवले आहे. ड्रायसूटची झिप उघडी आहे, सीलना टाल्क लावलेली आहे, आणि तो घडी न करता सैल गुंडाळलेला आहे. पाऊस असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी मी डबा उघडते, पितळी दातांवर हिरवट डाग आले आहेत का ते पाहते, सील बोटांनी हलके ताणून बघते आणि पुड्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा आत ठेवते. परवा उघडला तेव्हा फ्लीसच्या टॉपला किंचित कुबट वास येत होता; तो काढून हॉलमध्ये पंख्याखाली टांगला, आणि सकाळी तो कोरडा होता.